पंच, परमेश्वर आणि पडदा

पंचामुखी परमेश्वर, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण जुनी आहे, आणि पुष्कळ जुन्या म्हणींप्रमाणे थोडी सोयीचीही आहे. गावात शिवेचा तंटा उपस्थित झाला की गोतसभा बसे, साक्षीपुरावे होत, आणि पंच सांगतील ती शीव दोन्ही पक्ष मुकाट्याने मानीत. पुराव्याने भागले नाही तर दिव्याची पाळी येई. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा बाहेर काढायचा आणि हात भाजला की नाही हे पाहून खरेखोटे ठरवायचे. पंचांना सारेच दिसते असे कोणी समजत नसे. पण तंटा कुठेतरी मिटला पाहिजे, आणि मिटवणाऱ्याचा शब्द देवाचा मानल्याखेरीज तो मिटत नाही, एवढे शहाणपण त्या म्हणीत होते.

गेली काही वर्षे जगभरच्या फुटबॉलच्या मैदानांवर जे चालले आहे ते पाहताना ही म्हण मला वारंवार आठवते. चेंडू रेषेपलीकडे गेला की नाही, हाही अखेर शिवेचाच तंटा. तो मिटवायला मैदानात एक माणूस उभा असे. त्याच्या तोंडी शिट्टी, आणि शिट्टीत परमेश्वर. आज तोच माणूस शिट्टी वाजवतो, कानाला बोट लावून कुठे दूर बसलेल्या माणसाचे ऐकतो, मैदानाच्या कडेला धावत जातो, एका छोट्या पडद्यात डोकावतो, आणि मग दोन्ही हातांनी हवेत चौकोन काढून आपलाच निकाल फिरवतो. पंचाच्या मुखातला परमेश्वर पडद्यात जाऊन कसा बसला, आणि तेथे तरी तो सुखाने नांदतो आहे काय, याची हकिकत मोठी रंजक आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर ती वाचकांपुढे ठेवतो.

आरंभी या खेळाला पंचच नव्हता, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनमधल्या फ्रीमेसन्स टॅव्हर्न नावाच्या खानावळीत काही क्लबांची मंडळी जमली आणि त्यांनी फुटबॉल असोसिएशन स्थापन केली. त्यांनी पुढे जे नियम लिहिले त्यांत पंचाचा पत्ता नाही. खेळणारे सारे सभ्य गृहस्थ. वाद झालाच तर दोन्ही कप्तान तो आपसांत मिटवतील, असा विश्वास. हा विश्वास फार काळ पुरला नाही. सामन्यांना चषक आले, चषकांमागून प्रेक्षक आले, प्रेक्षकांमागून पैसा आला, आणि सभ्यपणाला साक्षीदार लागू लागले. मग प्रत्येक संघाने आपला एक अंपायर आणावा अशी रीत पडली. खेळाडूंनी दाद मागायची आणि अंपायरांनी निकाल द्यायचा. पण दोन अंपायर दोन संघांचे. त्यांचे एकमत व्हायचे कसे? तेव्हा मैदानाबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या एका गृहस्थाकडे वाद ‘रेफर’ करायचा, म्हणजे सोपवायचा, असे ठरले. तो रेफरी. १८९१ मध्ये या रेफरीला मैदानात आणले आणि अंपायरांना रेषेवर पाठवून त्यांचे लाइन्समन केले. पेनल्टीची किकही त्याच वर्षीची; आणि आपल्या मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली तीही त्याच वर्षी.

रेफरी मूळचा बाहेरचा होता, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे उपयोगी पडेल.

यानंतरची पाऊणशे वर्षे त्या एका माणसाची होती. चुका त्याच्याकडूनही होत असतच. चूक झाली असे म्हणणारे हजार निघत. दाखवणारा मात्र एकही नसे. सामना संपला की वाद चहाच्या दुकानात जाई, तेथून घरी जाई आणि चारआठ दिवसांत निवून जाई. फार तर एखादा म्हातारा तो मरेपर्यंत उराशी बाळगी. पंचाला जे दिसले नाही ते बहुधा कोणालाच धड दिसलेले नसे, हे त्याचे खरे कवच होते.

त्या कवचाला पहिला मोठा तडा गेला तो ३० जुलै १९६६ रोजी, लंडनच्या वेम्बली मैदानावर. विश्वचषकाचा अंतिम सामना, इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी यांच्यातला. शेवटच्या मिनिटाच्या सुमारास जर्मनीच्या वेबरने बरोबरी साधली आणि सामना जादा वेळेत गेला. तेथे जेफ हर्स्टने मारलेला चेंडू गोलच्या आडव्या दांडीच्या खालच्या अंगाला आदळला, खाली रेषेपाशी आपटला आणि पुन्हा मैदानात उसळला. जर्मनांनी तो डोक्याने बाहेर घालवला. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर? स्विस पंच गोटफ्रिड डिन्स्ट याला खात्री नव्हती. तो कडेला उभ्या असलेल्या लाइन्समनकडे गेला. हा तोफिक बहरामोव्ह, सोव्हिएत संघातल्या अझरबैजानचा. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती असे सांगतात. बहरामोव्हने मान हलवली, हात मैदानाच्या मध्याकडे केला, आणि गोल झाला. इंग्लंडने सामना ४–२ असा जिंकला. हर्स्टचे त्या सामन्यातले तीन गोल इतिहासात गेले.

पण हा तंटा चहाच्या दुकानात निवला नाही, कारण त्याची फिल्म होती. ती पुन्हा पुन्हा पाहता येत होती, थांबवता येत होती, मागेपुढे करता येत होती. नियम असा की चेंडू संपूर्ण, अगदी शेवटच्या कडेपर्यंत, रेषेपार गेला पाहिजे. १९९०च्या दशकात ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी त्या फिल्मवर गणित मांडले आणि चेंडू पार जायला किमान सहा सेंटिमीटर कमी पडत होते, असा निष्कर्ष काढला. तीस वर्षांनी निघालेला हा निकाल कोणाच्या कामाचा? चषक इंग्लंडचा तो इंग्लंडचाच राहिला. जर्मन भाषेत अशा गोलला ‘वेम्बलीचा गोल’ असे नाव पडले, आणि बाकूच्या लोकांनी आपल्या मोठ्या स्टेडियमला बहरामोव्हचे नाव दिले. एकाच होकाराची एका देशात जखम झाली आणि दुसऱ्या देशात कीर्ती.

पुढची वीस वर्षे दूरचित्रवाणीची. कॅमेरे वाढले, रंग आले, मंद गतीची चित्रे आली. २२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर अर्जेंटिनाच्या दिएगो मॅराडोनाने इंग्लंडच्या गोलरक्षक शिल्टनच्या डोक्यावरून डाव्या मुठीने चेंडू गोलात ढकलला. ट्युनिशियाचे पंच अली बिन नासर यांना हात दिसला नाही, बल्गेरियाच्या लाइन्समनने निशाण वर केले नाही. गोल झाला. थोडे मॅराडोनाचे डोके आणि थोडा देवाचा हात, अशा अर्थाचे काहीसे त्या पठ्ठ्याने नंतर सांगितले. पंचामुखी परमेश्वर आपण ऐकला होता. खेळाडूच्या मुठीतला परमेश्वर जगाने त्या दिवशी प्रथम पाहिला. चारच मिनिटांनी त्याने निम्मे मैदान ओलांडून, इंग्रजांना एकामागून एक चकवीत, दुसरा गोल केला. आणि तो इतका निर्मळ होता की पहिल्याचे पाप त्याने धुऊन टाकले असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. पण कादंबरीकार म्हणून एवढे कबूल केले पाहिजे की एकाच माणसाच्या हातून चार मिनिटांत चोरी आणि दान दोन्ही घडावे, हा प्रसंग कल्पनेने रचला असता तर वाचकांनी तो खोटा ठरवला असता. तो चेंडू बिन नासर यांनी जपून ठेवला होता. २०२२ मध्ये लिलावात त्याला वीस लाख पौंड आले.

येथे आपल्या क्रिकेटने फुटबॉलच्या आधी पाऊल टाकले, हे सांगितले पाहिजे. १९९२च्या नोव्हेंबरात दरबानच्या कसोटीत पंचाने निकाल स्वतः न देता दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर बसलेल्या तिसऱ्या पंचाकडे सोपवला, आणि त्या रीतीने बाद झालेला पहिला फलंदाज होता आपला मुंबईचा सचिन तेंडुलकर. जाँटी ऱ्होड्सची फेक आली, यष्ट्या उडाल्या, सचिन क्षणभर थांबला आणि पडद्याने सांगितल्यावर परत फिरला. क्रिकेट हा थांबून थांबून खेळायचा खेळ. दोन चेंडूंच्या मध्ये पानसुपारी होईल इतकी उसंत असते. फुटबॉल वाहता आहे. वाहत्या पाण्यात बांध घातला तर त्याचे पाणीपण जाते, असे फुटबॉलच्या कारभाऱ्यांचे म्हणणे होते, आणि ते अगदीच वेडगळ नव्हते. म्हणून ते अडून बसले. मार्च २०१० मध्येसुद्धा नियम करणाऱ्या मंडळाने गोलरेषेवर यंत्र बसवायला साफ नकार दिला.

आणि तीनच महिन्यांनी आला २७ जून २०१०. या साऱ्या इतिहासाचा मध्यबिंदू मी या एका दिवसाला मानतो. दक्षिण आफ्रिकेत विश्वचषक चालू होता. दुपारी ब्लूमफाँटेनला पुन्हा इंग्लंड आणि जर्मनी समोरासमोर. जर्मनी २–१ असा पुढे असताना इंग्लंडच्या लँपार्डने मारलेला चेंडू दांडीला लागून खाली आपटला. थेट वेम्बलीच्या वळणाने. या वेळी मात्र तो रेषेच्या चांगला आत पडला होता. घरी बसलेल्या पोराटोरांनाही ते दिसले. उरुग्वेच्या पंचांना दिसले नाही. गोल नाकारला गेला, आणि जर्मनीने सामना ४–१ असा जिंकला. चव्वेचाळीस वर्षांनी उसने फिटले, असे जर्मन म्हणाले असतील तर त्यांना दोष देता येणार नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी जोहान्सबर्गला अर्जेंटिना आणि मेक्सिको. अर्जेंटिनाच्या तेवेझने डोक्याने गोल केला तेव्हा तो उघडउघड ऑफसाइड होता. इटलीचे पंच रॉबर्टो रोसेटी यांनी गोल दिला. आणि मग मैदानावरच्या प्रचंड पडद्यावर कोणीतरी त्या गोलचे चित्र पुन्हा दाखवले. मेक्सिकोचे खेळाडू पडद्याकडे हात करून ओरडू लागले. हजारो प्रेक्षकांनी पाहिले, पंचाला आणि लाइन्समनलाही कळून चुकले. रोसेटी लाइन्समनपाशी गेले, दोघे बोलले. पण नियम असा की पडद्यावरचे चित्र हा पुरावाच नव्हे. डोळ्यांपुढे सत्य उभे, आणि त्याकडे पाहायला कायद्याने बंदी! गोल कायम राहिला. मेक्सिको ३–१ असा हरून घरी गेला.

वाचकहो, पूर्वीच्या पंचात आणि या पंचात काय फरक पडला होता तो पाहा. पूर्वी पंच मैदानावरचा सर्वांत जाणता माणूस असे. सर्वांत जवळून तोच पाही. आता पृथ्वीच्या पाठीवरच्या कोट्यवधी माणसांना चार सेकंदांत जे कळे ते न कळणारा एकच माणूस उरला होता, आणि निकाल त्याच्याच हाती होता. कॅमेऱ्याने पंचाला मदत करण्याआधी त्याला उघडे पाडले. त्याचे कवच पुरते गेले. चूक क्षम्य असते. सर्वांना ठाऊक असलेली चूक तशीच रेटणे क्षम्य नसते. फुटबॉलच्या जागतिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष ब्लॅटर यांनी दोन दिवसांनी इंग्लंड आणि मेक्सिको यांची माफी मागितली आणि यंत्राचा विषय पुन्हा काढू असे सांगितले. मात्र तोवर तातडीचा उपाय काय झाला? मैदानावरच्या पडद्यावर वादग्रस्त चित्रे दाखवायची नाहीत, असे ठरले. आरशात तोंड वाईट दिसले म्हणून आरसा पालथा घालण्याचाच हा प्रकार.

त्यानंतरची वाट सरळ आहे. २०१२ मध्ये गोलरेषेच्या यंत्राला मान्यता मिळाली. २०१४ च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकात ते बसवले गेले. चेंडू पार गेला की सेकंदाच्या आत पंचाच्या मनगटावरचे घड्याळ थरथरते. शिवेचा तंटा असा मिटला. पण बाकीचे तंटे? धक्का, हात, ऑफसाइड? त्यांच्यासाठी २०१६ पासून प्रयोग सुरू झाले. डिसेंबर २०१६ मध्ये जपानमध्ये ओसाका येथे हंगेरीचे पंच व्हिक्टर कासाई यांनी कडेच्या पडद्यात पाहून पेनल्टी दिली. जागतिक संघटनेच्या स्पर्धेतला हा पहिलाच प्रसंग. ३ मार्च २०१८ रोजी ही पद्धत नियमांत आली. तिचे नाव ‘व्हिडीओ असिस्टंट रेफरी’, आद्याक्षरांनी व्हीएआर. मौज अशी की जून २०१० मध्ये ज्यांना पडद्याकडे पाहायची बंदी होती ते रोसेटीच २०१८ च्या विश्वचषकात या कामाचे प्रमुख होते.

या पद्धतीचे कायदे थोडक्यात सांगतो. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड, आणि एकाच्या चुकीची शिक्षा दुसऱ्याला होणे, या चारच बाबतींत पडद्यामागच्या पंचाने बोलायचे, असे २०१८ मध्ये ठरले. तेही चूक स्पष्ट आणि उघड असेल तर. अखेरचा शब्द मैदानावरच्या पंचाचाच. रशियात २०१८ मध्ये सामने अकरा शहरांत होते, पण पडदे लावून बसलेली पंचमंडळी सारी मॉस्कोतल्या एका खोलीत. मघाशी ध्यानात ठेवायला सांगितले होते ते येथे आठवावे. १८९१ मध्ये ज्या बाहेरच्या माणसाला आत ओढून आणले, त्याचा जुळा भाऊ सव्वाशे वर्षांनी पुन्हा बाहेर जाऊन बसला. आणि वाद पुन्हा त्याच्याकडे ‘रेफर’ होऊ लागले.

याने निकाल सुधारले काय? सुधारले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी तेरा देशांतले २,१९५ सामने तपासले. महत्त्वाच्या प्रसंगी पंचांचा मूळ निकाल शंभरात सुमारे ब्याण्णव वेळा बरोबर असे. व्हीएआरनंतर तो अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर ठरला. पहिल्या आकड्याकडे वाचकांनी दुर्लक्ष करू नये. ज्या माणसांना आपण दीडशे वर्षे आंधळे म्हणत आलो ते उघड्या डोळ्यांनी, धावता धावता, शंभरात ब्याण्णव वेळा बरोबर होते! माझ्या वर्गात इतके गुण पडले तर मी पेढे वाटीन.

पण पडदा नुसता दुरुस्ती करत नाही. तो पाहण्याची रीत बदलतो. २०१८ च्या विश्वचषकात २९ पेनल्टी दिल्या गेल्या. त्याआधीच्या कोणत्याही विश्वचषकात १८ हून अधिक नव्हत्या. खेळाडू एकाएकी दांडगे झाले होते असे नव्हे. पूर्वी गर्दीत लपणारे हात आणि ओढलेले सदरे आता दिसू लागले. आणि काही गोष्टी जरा जास्तच दिसू लागल्या. याच विद्यापीठात एक प्रयोग झाला होता: तोच धक्का पंचांना नेहमीच्या गतीने आणि मंद गतीने दाखवला. मंद गतीत त्यांनी दिलेल्या शिक्षा अधिक कडक निघाल्या. लेखकाला यात नवल वाटत नाही. आम्हीही एका क्षणाचे वर्णन दोन पानांत करतो, आणि मग वाचकाला वाटते की पात्राला विचार करायला केवढा वेळ होता! मंद गतीत जे अजाणता घडले तेही जाणूनबुजून केल्यासारखे दिसते. म्हणून नियमच सांगतो की धक्का कुठे लागला हे मंद गतीत पाहावे. किती जोराचा होता हे नेहमीच्या गतीत.

२०१८ चा अंतिम सामना आठवा. मॉस्को, १५ जुलै. फ्रान्स आणि क्रोएशिया, १–१ अशी बरोबरी. क्रोएशियाच्या पेरिशिचच्या हाताला चेंडू लागला. अर्जेंटिनाचे पंच पिताना यांना प्रथम ते दिसले नाही. कानात सूचना आली. ते पडद्यापाशी गेले, पाहिले, मागे वळले. आणि पुन्हा एकदा पडद्याकडे परतले. मग पेनल्टी दिली. ग्रीझमनने गोल केला, आणि फ्रान्स पुढे ४–२ असा जिंकला. हात लागला होता यात वाद नव्हता. पडद्याने ते चोख दाखवले. पण तो मुद्दाम होता काय, तेवढ्या क्षणात हात मागे घेता आला असता काय? हे कोणत्या कॅमेऱ्याने सांगावे? पितानांचे ते दुसऱ्यांदा वळणे मला फार बोलके वाटते. पहिल्यांदा त्यांनी हात पाहिला. दुसऱ्यांदा ते हेतू शोधीत असावेत, आणि तो पडद्यावर नव्हता.

यंत्रही माणसांच्याच हाती असते, हेही पुढे दिसून आले. १७ जून २०२० रोजी इंग्लंडमध्ये ॲस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेड यांच्या सामन्यात गोलरक्षक चेंडू हातात धरून रेषेच्या आत गेला, आणि गोलरेषेचे यंत्र गप्प राहिले. कॅमेऱ्यांपुढे माणसे आली होती, असे यंत्रवाल्यांनी सांगून माफी मागितली. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, आणि त्या हंगामात व्हिला अवघ्या एका गुणाने खालच्या वर्गात जाण्यापासून वाचला. एका घड्याळाची एक थरथर! ३० सप्टेंबर २०२३ रोजी तर याहून चमत्कारिक घडले. लिव्हरपूलच्या लुईस दियाझने टॉटनहॅमविरुद्ध केलेला गोल ऑफसाइड म्हणून नाकारला गेला. पडद्यामागच्या पंचाने चित्र पाहिले, गोल योग्य आहे हे त्याला कळले. पण मैदानात तो दिलाच आहे असे समजून त्याने ‘तपासणी पूर्ण’ एवढेच कळवले. खेळ सुरू झाला. काही सेकंदांत घोटाळा लक्षात आला, परंतु सुरू झालेला खेळ मागे नेता येत नाही. लिव्हरपूल १–२ असा हरला. पाहणाऱ्याने बरोबर पाहिले होते; ऐकणाऱ्याने वेगळे ऐकले.

शिवाय आनंदाचेही आहे. गोल झाला की प्रेक्षक उसळतो. शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारतो. आता तो उसळतो, आणि अर्ध्यावर थबकून पंचाच्या कानाकडे पाहतो. एखाद्याच्या बुटाचे टोक ऑफसाइड होते काय, याचा निकाल लागेपर्यंत आनंद ताटकळत उभा राहतो. स्वीडनच्या क्लबांनी ही पद्धत घेतलीच नाही. नॉर्वेत २०२४ च्या जुलैत प्रेक्षकांनी निषेध म्हणून मैदानात माशांचे वडे फेकले आणि सामना सोडून द्यावा लागला! २०२५ मध्ये तेथे मतदान झाले आणि पद्धत राहिली. इंग्लंडमध्येही २०२४ मध्ये वीस क्लबांपैकी एकोणीस जणांनी ती ठेवण्याच्या बाजूने मत दिले. शिव्या सारे देतात. टाकवत मात्र कोणालाच नाही. मला वाटते, याचे कारण २७ जून २०१० मध्ये आहे. ठाऊक असलेले खोटे पुन्हा गिळायची कोणाची तयारी नाही.

मी शाळामास्तर आहे. स्नेहसंमेलनाच्या दिवसांत मुलांच्या कबड्डीच्या सामन्यांना शिट्टी घेऊन उभा राहतो. हल्ली मैदानाच्या कडेला पालकांच्या हातांत मोबाइल असतात. डाव संपला की एखादे वडील येतात आणि म्हणतात, “गुरुजी, हे बघा, आमच्या बाळ्याचा पाय रेषेला लागलेला नाही.” पाहावे तर खरोखरच लागलेला नसतो. पण माझ्या मनात दुसराच प्रश्न उभा राहतो. ज्याच्या बापाजवळ मोबाइल नाही, किंवा ज्याचा बाप त्या वेळी दुसऱ्याच्या शेतात राबत असतो, त्या पोराचा पाय कोणी दाखवायचा? म्हणून आमच्याकडे निकाल शिट्टीचाच.

हा प्रश्न माझ्या शाळेपुरता नाही. कतारच्या दोहा शहरात दीड वर्षाच्या अंतराने घडलेले दोन प्रसंग शेजारीशेजारी ठेवतो.

पहिला १ डिसेंबर २०२२ चा, विश्वचषकातला. जपान आणि स्पेन. जपानच्या मितोमाने गोलखांबाशेजारच्या शेवटच्या रेषेवरून चेंडू आत ओढला आणि तानाकाने गोल केला. चेंडू बाहेर गेला होता असाच मैदानावर प्रथम निकाल झाला. जगभर पसरलेल्या छायाचित्रातही रेषा आणि चेंडू यांच्यामध्ये हिरवे गवत स्पष्ट दिसत होते. पण वरून पाहिले असता चेंडूच्या फुगीर कडेची सावली रेषेवर पडत होती; एकदोन मिलिमीटरच, पण पडत होती. गोल दिला गेला. जपान जिंकला. सामना बरोबरीत सुटला असता तर जर्मनी पुढे गेला असता. तो घरी गेला. बिचाऱ्या जर्मनांच्या नशिबी रेषा लिहिलेलीच दिसते! पण या वेळी त्यांना तक्रारीला जागा नव्हती. जे खरे ते ठरले होते.

दुसरा प्रसंग ११ जून २०२४ चा. विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेत आपला भारत कतारशी खेळत होता. जिंकलो असतो तर पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत प्रथमच पाऊल पडले असते. मुंबई सिटीकडून खेळणाऱ्या लालियानझुआला छांगटेने सदतिसाव्या मिनिटाला गोल केला, आणि त्र्याहत्तराव्या मिनिटापर्यंत आपण १–० असे पुढे होतो. तेव्हा कतारचा एक हेडर आपल्या कप्तान गोलरक्षक गुरप्रीतसिंगने अडवला आणि चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे गेला. मिलिमीटरांची गोष्ट नाही. चांगला बाहेर गेला. आपले खेळाडू थांबले. कतारच्या एकाने तो पायाने आत ओढला, यूसुफ आयमेनने गोलात मारला, आणि पंचांनी गोल दिला. आपल्या लोकांनी पंचांना गराडा घातला, हातवारे केले. उपयोग शून्य. पात्रतेच्या त्या फेरीत व्हीएआर नव्हते. कतारने पुढे आणखी एक गोल केला आणि भारत १–२ असा हरून बाहेर पडला. महासंघाने तक्रार केली; निकाल बदलला नाही.

एकच शहर, तसलीच रेषा. एका सामन्यात दोन मिलिमीटरांचा न्याय झाला. दुसऱ्यात उघड्या डोळ्यांना दिसणारा अन्याय तसाच राहिला. पंच पहिल्यापेक्षा दुसरे वाईट होते असे मी म्हणणार नाही. मोठ्यांच्या सामन्याला पडदा होता, लहानांच्या सामन्याला नव्हता, एवढाच फरक. कॅमेरे मात्र दोन्हीकडे होते. नाहीतर तुम्हा-आम्हाला घरबसल्या ते दिसले कसे असते? म्हणजे २०१० चीच अवस्था: सारे जग पाहते आहे, पंच पाहू शकत नाही. गोरगरिबांच्या फुटबॉलमध्ये ती अजून संपलेली नाही.

आता त्यावरही एक तोड निघाली आहे. जेथे पडदेवाल्या पंचांची फौज परवडत नाही तेथे थोड्या कॅमेऱ्यांवर भागवायचे, आणि प्रत्येक प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा दाद मागू द्यायची. त्याने हवेत बोट फिरवायचे आणि पंचाने कडेला जाऊन स्वतः चित्र पाहायचे. २०२४ मध्ये कोलंबियातल्या वीस वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात ही रीत वापरली गेली. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी अंपायरांकडे दाद मागत, ती दादही परत आली! या रीतीत मला आवडते ते हे की येथे दूरच्या खोलीतला कोणी बोलत नाही. ज्याला अन्याय वाटला तो मागतो, आणि ज्याने निकाल दिला तोच पुन्हा पाहतो.

गोतसभेतल्या पंचांना लोक देव मानीत ते त्यांना सर्व दिसे म्हणून नव्हे. दोन्ही बाजूंचे ऐकून घेतल्याशिवाय ते उठत नसत, म्हणून. दोहाच्या मैदानावर त्या रात्री एक साधा पडदा असता, तर पंचांनी तेथवर चार पावले टाकली असती, चेंडू बाहेर पाहिला असता, आणि खेळ कतारच्या गोलने नव्हे तर कॉर्नरने सुरू झाला असता. मग भारत जिंकला असता की नाही, हे कोणी सांगावे? सतरा मिनिटे उरली होती. ती सतरा मिनिटे मात्र आपल्या पोरांना १–० अशी खेळायला मिळाली असती.